विश्लेषण : ‘आय डिडन्ट वेन्ट’ ही चूक येते कुठून?

पहिलीपासून हिंदी शिकवावी की नाही, यावरून २०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात मोठा वाद झाला. १६ एप्रिलला शासन निर्णय निघाला, टीका झाली, १७ जूनला सुधारित निर्णय आला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतल्याची घोषणा झाली. या गदारोळात पहिलीपासून आधीच शिकवल्या जाणाऱ्या दुसऱ्या भाषेबद्दल मात्र फारसे कुणी बोलले नाही. तत्कालीन शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या काळात, २००० साली, मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली. त्याआधी ती पाचवीपासून होती. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत. तरीही बारा-बारा वर्षे इंग्रजी शिकलेला, जळगावला खेटून असलेल्या असोद्यासारख्या गावातून पदवीपर्यंत पोहोचलेला तरुण नोकरीच्या मुलाखतीत ‘आय डिडन्ट वेन्ट’ म्हणतो, समोरच्याचा चेहरा बघतो आणि पुढे बोलणेच थांबवतो. नोकरी हातची जाते ती बहुतेकदा त्या चुकीपेक्षा त्यानंतरच्या गप्प बसण्याने. ही चूक कुठून येते, हे त्याला शाळेत कधी कुणी सांगितलेले नसते.

ही चूक होते कशी?

मराठीत नकार देताना क्रियापद आपला भूतकाळ सोडत नाही. ‘मी गेलो’ याचा नकार ‘मी गेलो नाही’. ‘गेलो’ जागेवरच राहिले, मागे ‘नाही’ लागले. मराठीत विचार करणारे डोके इंग्रजीतही तेच करते. ‘वेन्ट’ तसाच ठेवते आणि त्याला ‘डिडन्ट’ जोडते. म्हणजे चूक निष्काळजीपणाची नाही, उलट मराठीचा नियम काटेकोरपणे पाळल्याची आहे. इंग्रजीचा हिशेब वेगळा आहे. तिथे भूतकाळ वाक्यात एकदाच दाखवायचा असतो. ‘डिड’ आला की ते ओझे त्याने उचलले, पुढचे क्रियापद मोकळे झाले. म्हणून ‘आय डिडन्ट गो’.

प्रश्नांतही हाच घोळ. ‘तू गेलास’ या वाक्याला शेवटी ‘का’ जोडला की मराठीत प्रश्न तयार. कधी ‘का’सुद्धा लागत नाही, आवाज चढवला की भागते. शब्दांचा क्रम हलत नाही. म्हणून ‘तू काय करतोयस?’ याचे ‘व्हॉट यू आर डूइंग?’ होते. इंग्रजीला मात्र क्रम हलवावा लागतो, आणि हलवायला सहायक क्रियापद नसेल तर ‘डू’ किंवा ‘डिड’ला कामाला लावावे लागते. या ‘डू’ला अशा वाक्यात स्वतःचा अर्थच नसतो. त्यामुळे मराठी वाक्याचा शब्दाला शब्द लावत गेलेल्या मुलाला तो सापडणे शक्यच नाही, मराठी वाक्यात त्याची जागाच नाही. एवढी एक गोष्ट सहावी-सातवीत मराठीतून, फळ्यावर दोन वाक्ये शेजारी लिहून सांगितली, तर पुढची कित्येक वर्षांची लाल शाई वाचेल.

मग इंग्रजी व्याकरण मराठीपेक्षा अवघड आहे का?

बऱ्याच बाबतीत सोपे आहे. ‘तो गेला, ती गेली, ते गेलं, ते गेले, त्या गेल्या’ या सगळ्यांना इंग्रजीत एकच ‘वेन्ट’ पुरतो. ‘त्याने आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, केळं खाल्लं’ या वाक्यांत खाणारा एकच आहे, तरी क्रियापद खाल्लेल्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलते. व्याकरणाच्या पुस्तकात याला कर्मणी प्रयोग म्हणतात. परक्या माणसाला तो शिकताना घाम फुटतो, आणि चार वर्षांचे मराठी मूल तो अंगणात खेळता खेळता बिनचूक वापरते. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘एट’.

मग वर्तमानकाळात ‘ही गोज’मधला एवढासा ‘स’ का विसरतो? इथे एक गंमत आहे. प्रमाण मराठीतही ‘स’ आहे, पण तो दुसऱ्याच माणसाला लागतो. ‘मी जातो, तू जातोस, तो जातो.’ मराठीचा ‘स’ समोरच्याला, ‘तू’ला. इंग्रजीचा ‘स’ तिसऱ्याला, ‘ही’, ‘शी’ आणि ‘इट’ला. मराठी कान ‘यू’पाशी ‘स’ची वाट बघतो आणि ‘ही’पाशी निर्धास्त असतो. ‘थर्ड पर्सन सिंग्युलर’ ही तीन शब्दांची संज्ञा पाठ करण्यापेक्षा, ‘जातोस’मधला स एक घर पुढे सरकवायचा, असे सांगितले तर ते लक्षात राहण्याची शक्यता कितीतरी जास्त.

खरी अडचण शब्दांच्या क्रमाची आहे. मराठीत ‘वाघाने शेळी खाल्ली’ म्हणा की ‘शेळी वाघाने खाल्ली’ म्हणा, मेली ती शेळीच. ‘ने’ या प्रत्ययाने कर्ता पक्का केलेला असतो, म्हणून शब्द हवे तिथे बसतात. इंग्रजीत नामांचे असे प्रत्यय जवळजवळ उरलेले नाहीत. तिथे जागा हीच विभक्ती. ‘द टायगर एट द गोट’मध्ये दोन नामांची अदलाबदल केली की शेळीने वाघ खाल्ला. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत कर्त्याच्या लगेच मागे, हे सगळ्यांना शिकवले जाते. पण इंग्रजी त्या जागेबाबत इतकी हट्टी का, हे कारण सांगितले जात नाही, आणि कारण नसलेला नियम परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी निसटतो.

‘ए’ आणि ‘द’ कुठे लावायचे?

असोदा भरतासाठी प्रसिद्ध आहे आणि जळगावच्या भरताच्या वांग्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे, तेव्हा उदाहरण तिथलेच घेऊ. ‘काल बाजारातून एक वांगं आणलं. वांगं मळ्यातलं, ताजं होतं.’ पहिल्या वाक्यात वांगे ऐकणाऱ्याला नवे आहे, तिथे इंग्रजीत ‘अ ब्रिंजल’. दुसऱ्या वाक्यात ते ओळखीचे झाले, तिथे ‘द ब्रिंजल’. मराठी हे काम अर्धे ‘एक’ आणि ‘तो-ती-ते’वर सोपवते आणि अर्धे ऐकणाऱ्याच्या समजुतीवर सोडते. म्हणून मराठी माणूस एकतर उपपद गाळतो, नाहीतर ‘एक’चे ‘वन’ करतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. रशियन, चिनी, जपानी भाषांतही उपपदे नाहीत आणि ते लोकही इंग्रजी शिकताना इथेच अडतात.

‘ॲन’ कधी वापरायचा, हा प्रश्न तर देवनागरीत लिहिले की सुटतोच. इंग्रजी स्पेलिंग बघणारा मुलगा ‘युनिव्हर्सिटी’च्या सुरुवातीला यू हा स्वर बघतो आणि ‘ॲन’ लावतो. तोच शब्द देवनागरीत लिहा, पहिले अक्षर ‘य’ निघते, व्यंजन. म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘अवर’ म्हणजे तास, स्पेलिंग एचने सुरू होते, पण देवनागरीत पहिला ‘अ’. म्हणून ‘ॲन अवर’. नियम उच्चाराचा आहे आणि उच्चार दाखवण्यात आपली लिपी इंग्रजीपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. गावांच्या नावांआधी काही नाही, नद्यांच्या नावांआधी ‘द’. म्हणजे असोदा नुसते असोदा, जळगाव नुसते जळगाव, पण ‘द तापी’ आणि ‘द गिरणा’.

एक मात्र स्पष्ट म्हणायला हवे. ‘ए’ की ‘द’ चुकल्याने अर्थ क्वचितच बिघडतो. तरीही रिकाम्या जागा भरायला हा विषय सोयीचा, म्हणून परीक्षांनी तो डोक्यावर चढवून ठेवला आहे. ज्या मुलाला प्रश्न विचारता येत नाही, त्याच्याकडून उपपदांची पाने भरून घेणे म्हणजे पाया नसलेल्या घराला रंग देणे.

‘मला’चे काय करायचे?

मराठी आणि इंग्रजीत सगळ्यात खोल फरक बहुधा इथे आहे, आणि शालेय व्याकरणात तो जवळपास दिसत नाही. ‘मला भूक लागली, मला ताप आला, मला आंबा आवडतो, मला वाटतं, मला पोहता येतं.’ मराठीत भूक, ताप, आवड, विचार या गोष्टी माणसाकडे येतात, माणूस त्या घेणारा असतो. इंग्रजीत बहुतेक वेळा माणूसच पुढे. ‘आय ॲम हंग्री, आय हॅव फीव्हर, आय लाइक, आय थिंक, आय कॅन स्विम.’ पाच मराठी वाक्यांत एक ‘मला’, इंग्रजीत पाच वेगवेगळ्या रचना. सूत्र एवढेच की अनुभवाचा ‘मला’ दिसला की इंग्रजी वाक्य ‘आय’ने सुरू करायचे. ‘मला माहीत आहे’मधल्या ‘आहे’ने फसून पुष्कळ जण ‘आय ॲम नो’ म्हणतात. तिथे नुसते ‘आय नो’.

‘आहे’ हाही एकटा दोन कामे करतो. ‘तो घरी आहे’ आणि ‘मला दोन भाऊ आहेत’ यात मराठीला एकच क्रियापद पुरते. इंग्रजी दोन वापरते, पहिल्यात ‘इज’, दुसऱ्यात ‘हॅव’. आणि ‘पासून’? ‘२०२० पासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ दोन्हीकडे मराठीत पासूनच, म्हणून ‘सिन्स टू इयर्स’ निघते. सुरुवात कधी झाली ते सांगायचे असेल तर ‘सिन्स’, किती काळ ते सांगायचे असेल तर ‘फॉर’.

शब्दयोगी अव्ययांचीही तीच तऱ्हा. मराठीत ती नामाच्या मागे चिकटतात, इंग्रजीत पुढे उभी राहतात, एवढे मुलांना कळते. पण ‘त्याला सांगितलं’मधल्या ‘ला’ने ‘टोल्ड टू हिम’ होते, ‘तिच्याशी लग्न’मधल्या ‘शी’ने ‘मॅरिड विथ हर’ होते, ‘त्याबद्दल चर्चा’मधल्या ‘बद्दल’ने ‘डिस्कस अबाउट’ होते. तिन्ही चुकांचा माग थेट मराठी प्रत्ययापर्यंत लागतो. उलट ‘वर अवलंबून’चे ‘डिपेंड ऑन’ अगदी जुळते, आणि जुळणाऱ्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. नाहीतर मुलाची समजूत होते की आपल्या भाषेतले काहीच तिकडे चालत नाही.

याच यादीत लहान मुलांची एक गोड अडचण बसते. इंग्रजीत ‘ही’ म्हणजे तो. मराठीत ‘ही’ म्हणजे जवळची ती. ‘ही इज माय ब्रदर’ ऐकून पहिलीतले मूल गोंधळले, तर त्याचे मराठी पक्के आहे असेच समजावे.

असोद्याच्या मुलासाठी इंग्रजी कितवी भाषा?

सरकारी हिशेबात दुसरी. प्रत्यक्षात अनेकांसाठी तिसरी. या भागातल्या कित्येक घरांत लेवा गणबोली किंवा तावडी बोलली जाते, पलीकडे अहिराणी आहे. घरात ‘मले भूक लागली’, शाळेत ‘मला भूक लागली’. घरात ‘डोया’ आणि ‘आभाय’, पुस्तकात ‘डोळा’ आणि ‘आभाळ’. म्हणजे ‘ला’ आणि ‘ले’ची अदलाबदल, ‘ळ’च्या जागी ‘य’, हे रूपांतर मूल सहाव्या-सातव्या वर्षी, कोणत्याही पाठ्यपुस्तकाविना शिकलेले असते. एका व्याकरणातून दुसऱ्या व्याकरणात जायचा रस्ता त्याने एकदा चाललेला आहे.

असोदा हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. १८८० मध्ये त्या इथे जन्मल्या, शाळेत कधी गेल्या नाहीत, लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी उतरवून घेतली आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, पुस्तकरूपाने आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्यांच्या बोलीत विभक्ती, काळ, लिंग, वचन सगळे जागच्या जागी आहे. पुस्तकी नियम माहीत नसणे आणि व्याकरण नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून जवळचा दाखला या गावाला कुठून मिळणार?

पण वर्गात घडते ते वेगळेच. ‘मले’ म्हणणाऱ्या मुलाला हसले जाते. बोलीला हसले की मूल प्रमाण मराठीत जपून बोलू लागते. तेच मूल पुढे इंग्रजीच्या तासाला तोंड उघडत नाही, कारण तोंड उघडले की हसतात हे त्याला आधीच कळलेले असते. मुलाखतीत दिसणाऱ्या त्या शांततेची सुरुवात पुष्कळदा ‘डिडन्ट’च्या कितीतरी आधी, मराठीच्या तासाला झालेली असते.

इंग्रजीच्या तासाला मराठी बोलावी का?

यावर मागच्या शंभर-सव्वाशे वर्षांत लंबक दोन्ही टोकांना जाऊन आला. जुन्या पिढ्या ‘तर्खडकर भाषांतर पाठमाले’वर वाढल्या. मराठी वाक्य, खाली इंग्रजी, पुन्हा उलट. त्या पद्धतीने उत्तम अर्ज आणि पत्रे लिहिणारे कारकून, वकील, मास्तर तयार केले, पण त्यातल्या अनेकांना समोरच्याशी चार वाक्ये बोलताना मनातल्या मनात भाषांतर करावे लागे. त्यावर प्रतिक्रिया म्हणून ‘इंग्रजी इंग्रजीतूनच’ हा आग्रह आला. शहरातल्या, घरी इंग्रजी ऐकणाऱ्या मुलाला तो मानवतो. ज्या मुलाच्या कानावर इंग्रजी त्या पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासापुरतीच पडते, त्याला मराठीविना शिकवणे म्हणजे नकाशा काढून घेऊन रस्ता शोधायला लावणे.

मधला मार्ग अवघड नाही. ऐकणे-बोलणे इंग्रजीतून, नियमाचे कारण मराठीतून. शिवाय दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी एकमेकांशी बोलावे. मराठीच्या तासाला नाम, सर्वनाम, क्रियापद शिकलेले मूल इंग्रजीच्या तासाला नाऊन, प्रोनाऊन, व्हर्ब या तीन नव्या गोष्टी म्हणून पाठ करते. त्या जुन्याच आहेत, हे सांगायला अर्धे मिनिट लागते. देवाणघेवाण पूर्वीही झालेली आहे. मराठीत आज सर्रास वापरली जाणारी स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही विरामचिन्हे इंग्रजीतूनच आली आणि ती रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी या, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या कामात असलेल्या इंग्रजाला दिले जाते. त्याने मराठी शिकताना इंग्रजी बाजूला ठेवली नव्हती.

माध्यम बदलले तर प्रश्न सुटतो का?

बहुतेक पालकांचे उत्तर ‘हो’ असे आहे. जळगावच्या इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसगाड्या सकाळी आसपासच्या गावांत येतात त्या याच उत्तरामुळे, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांचे पट त्यामुळेच घटतात. या पालकांना दोष देता येणार नाही. ज्यांना स्वतःला इंग्रजीपायी कुठेतरी मान खाली घालावी लागली, ते मुलांसाठी फी भरतात. पण इंग्रजी शिकणे आणि सगळे विषय इंग्रजीतून शिकणे यात फरक आहे. घरी इंग्रजी नसलेल्या मुलाला अपूर्णांकही इंग्रजीतून शिकवले, तर अनेकदा अपूर्णांकही राहतात आणि इंग्रजीही. शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे असे २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण म्हणते ते यामुळेच.

मात्र मराठी शाळांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही एक आकडा विसरू नये. देशभरातल्या ग्रामीण मुलांची घरोघरी जाऊन चाचणी घेणाऱ्या ‘असर’च्या २०२२ च्या अहवालात साधी इंग्रजी वाक्ये वाचू शकणारी पाचवीतील मुले २४.५ टक्के होती, आठवीतील ४६.७ टक्के. म्हणजे आठवीपर्यंत शिकूनही निम्म्याहून अधिक मुलांना ‘आय लाइक टू रीड’ पातळीचे वाक्य वाचता येत नाही. ‘मराठी शाळेत घाला, इंग्रजी आपोआप येईल’ हे आश्वासन या आकड्यापुढे टिकत नाही. मराठी शाळा टिकवायच्या असतील तर त्यांत इंग्रजी चांगली शिकवावी लागेल. पालक नेमके तेवढेच मागत आहेत.

मोठेपणी सुरुवात करणाऱ्याने कुठून करावी?

‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ छापाच्या जाहिराती खेड्यापाड्यातल्या भिंतींवरही दिसतात. तीस दिवसांत फाडफाड काही येत नाही. पण तीस दिवसांत सहा-सात गोष्टी पक्क्या होऊ शकतात आणि त्यांवर रोजचे बरेचसे बोलणे चालते. आधी कर्ता-क्रियापद-कर्म हा क्रम. मग ‘इज’ आणि ‘हॅव’ यांतला फरक. मग ‘डू’ आणि ‘डिड’ने प्रश्न आणि नकार, यावर सर्वाधिक वेळ घालवावा. मग अनुभवाच्या ‘मला’चे ‘आय’. मग ‘इन, ऑन, ॲट, टू’ एवढीच चार अव्यये, आपल्या गावच्या रस्त्यांवर, घरांवर आणि एसटीच्या वेळांवर बसवून. ‘ही गोज’चा स बोलता बोलता येतो. उपपदे शेवटी. ‘पॅसिव्ह व्हॉइस’ आणि ‘रिपोर्टेड स्पीच’ दहावीच्या पेपरापुरते ठेवले तरी चालतील, मुलाखतीत ‘व्हॉइस बदला’ असे कुणी सांगत नाही.

सराव मोठ्याने करावा, मनात नाही. मोबाइलवर स्वतःची दोन मिनिटांची ध्वनिफीत करून ऐकली की ‘डिडन्ट वेन्ट’ आपल्याच कानाला खटकू लागतो. त्यासाठी पैसे लागत नाहीत. आणि बोलताना चूक झालीच तर वाक्य तिथेच न सोडता पुढचे वाक्य म्हणावे. ‘आय डिडन्ट वेन्ट, बिकॉज माय फादर वॉज इल’ हे ऐकणाऱ्याला वडील आजारी होते म्हणून मुलगा गेला नाही, एवढे पूर्ण कळते.